आर्टिकलशिपच्या सीव्हीवर जुने अटेम्प्ट लिहायचे की नाही?

सीए इंटरचा, म्हणजे सीएच्या तीन परीक्षांतल्या मधल्या परीक्षेचा निकाल लागला की मला ओळखीतल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. पुढची पायरी आर्टिकलशिप, म्हणजे सीए फर्ममधली उमेदवारी, आणि तिच्यासाठी सीव्ही लागतो. पेढे वाटून झालेले असतात, पण आवाज नापास झाल्यासारखा. "दादा, मागचे अटेम्प्ट सीव्हीवर टाकू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. टाक. एका ओळीत टाक, आणि कुणी विचारायच्या आधी टाक.

माझे स्वतःचे अटेम्प्ट किती, ते इथे सांगत नाही. तुम्ही काही मला कामावर ठेवणार नाही आहात. पहिल्या निकालाची मार्कशीट मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. इंटरचे पेपर दोन ग्रुपमध्ये विभागलेले असतात; ग्रुप एकमध्ये अकाउंट्सला ५२, लॉला ४७, टॅक्सला ४९. तिन्ही पेपरांत चाळिशी पार, बेरीज १४८, ग्रुप नापास. ३०० पैकी १५० लागतात. घरी हे समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली. "सगळ्या विषयांत पास आहेस ना, मग नापास कसा?" असं आई विचारत राहिली आणि बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

नियम तुम्हाला माहीत आहेत, ते उगाळत बसत नाही. पण सीए अभ्यासक्रमाच्या नव्या स्कीमचा एक परिणाम क्लासवाले सांगत नाहीत. पूर्वी एक ग्रुप निघाला तरी आर्टिकलशिप सुरू करता यायची. आता दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय दारातच उभं करत नाहीत. म्हणजे फर्मकडे येणारा प्रत्येक जण दोन्ही ग्रुप पास. मग त्यांनी निवड करायची कशावर? मार्क आणि अटेम्प्ट, दुसरं काय असतं त्यांच्या हातात! बऱ्याच मोठ्या फर्मच्या फॉर्मवर 'दोन्ही ग्रुप पहिल्याच अटेम्प्टला?' असा रकाना असतो. तिथे 'नाही' लिहायचं आणि पुढे जायचं. त्या चाळणीतून तुम्ही खाली पडणार, हे आजच मान्य करा. रडायचं असेल तर एक दिवस रडा.

आता मी कुठे अडकलो ते. हे जरा लांबेल, कारण यात दरवर्षी कुणी ना कुणी अडकतोच.

माझ्या सीव्हीवर 'इंटरमिजिएट, दोन्ही ग्रुप उत्तीर्ण' एवढंच होतं. महिना नाही, वर्ष नाही. क्लासच्या सरांचा सल्ला होता, "विचारलं तर सांग, आपण होऊन कशाला?" ऐकायला अगदी रास्त वाटतं. खोटं बोलायचं नव्हतंच, विचारलं की सांगायचं होतं. पुण्यातल्या एका मध्यम फर्ममध्ये मुलाखत झाली. पार्टनर सरांनी जीएसटीचं कलम १७(५) विचारलं, ते मला तोंडपाठ होतं. बँक रिकन्सिलिएशनवर थोडं झालं, गाव कुठलं, राहणार कुठे, हेही झालं. अटेम्प्टचा विषय निघालाच नाही. "एक तारखेपासून या," म्हणाले. जिना उतरतानाच मी घरी फोन लावला.

मग ऑफिसातल्या मॅडमचा मेल आला, कागदपत्रं पाठवा म्हणून. दहावी, बारावी, फाउंडेशन आणि इंटरच्या मार्कशीट, आयसीआयटीएसएसची (आर्टिकलशिपआधी करायच्या कोर्सची) सर्टिफिकेटं आणि इंटरचं रजिस्ट्रेशन लेटर. गोम या शेवटच्या कागदात आहे. त्यावर तारीख असते. रजिस्ट्रेशननंतर आठ महिन्यांचा अभ्यासकाळ, म्हणजे तुमची पहिली परीक्षा कधीची असायला हवी होती, हे त्या तारखेवरून कळतं. पास झाल्याचा महिना मार्कशीटवर छापलेला असतो. मधल्या परीक्षा बोटांवर मोजता येतात. दिवसभर लोकांची व्हाउचरं तपासणाऱ्यांना दोन तारखा ताडून बघायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "अरे, अटेम्प्टचं आम्हाला चाललं असतं. पण तू बोलला नाहीस ना." मी म्हणालो, "सर, कुणी विचारलं नव्हतं." त्यावर ते नुसतं "हं" म्हणाले. जागा गेली. तोवर निकाल लागून बरेच दिवस झाले होते. एका सीएकडे किती आर्टिकल (उमेदवारी करणारे विद्यार्थी) घेता येतात याला इन्स्टिट्यूटची, म्हणजे सीएंच्या संस्थेची, मर्यादा आहे, त्यामुळे चांगल्या फर्मच्या जागा निकालानंतर पटापट भरतात. ज्या फर्मना मी सुरुवातीलाच खरं सांगून विचारू शकलो असतो, त्यांच्याकडे आता जागाच नव्हती.

म्हणून सांगतो, 'विचारलं तर सांगू' हा बेत वाटतो तितका सरळ नाही. मुलाखत घेणारा विचारायला विसरतो, किंवा सीव्हीत नाही म्हणजे पहिल्याच फटक्यात निघाला असेल असं गृहीत धरतो. पुढे कागद आले की त्याला वाटतं, या पोराने आपल्याला गंडवलं. तुम्ही खोटं बोललेला नसता, पण ते पटवून द्यायची संधी कुणी देत नाही.

याच भानगडीतला दुसरा प्रकार. काही जणांनी पहिली परीक्षा दिलेलीच नसते. अभ्यास झाला नव्हता, डेंग्यू झाला, घरात लग्न होतं. रजिस्ट्रेशन लेटरवरून मात्र तीही नापासात धरली जाते. तेव्हा 'पहिली परीक्षा दिली नाही' हे चार शब्द लिहाच. न दिलेल्या परीक्षेचं पाप कशाला डोक्यावर घ्यायचं?

लिहायचं कसं? असं: 'इंटरमिजिएट: ग्रुप १, सप्टेंबर २०२४, ग्रुप २, जानेवारी २०२५. याआधी मे २०२४ मध्ये दोन्ही ग्रुप अनुत्तीर्ण.' बस. 'तिसरा अटेम्प्ट' असा आकडा टाकू नका, महिने टाका. मे २०२४ पासून इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा होते. पूर्वी दोनदा नापास म्हणजे अख्खं वर्ष जायचं, आता आठ महिने जातात. जुने पार्टनर 'तिसरा अटेम्प्ट' वाचून जुन्या हिशेबाने अख्खं वर्ष धरतात. महिने दिसले की त्यांचा हिशेब आपोआप बरोबर होतो.

नापास झालेल्या वेळचे मार्क लिहायची गरज नाही. मागितले तर मार्कशीट द्या. कारणांची कहाणीही नको. विशेषतः 'पेपर नीट तपासला नाही' हे तोंडातून काढूच नका. समोरचा स्वतः सीए आहे. व्हेरिफिकेशनमध्ये (गुणपडताळणीत) बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर एवढंच बघतात, पेपर नव्याने तपासत नाहीत, हे त्याला तुमच्याआधीपासून ठाऊक आहे. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली असेल आणि आपण कुठे कमी पडलो ते सापडलं असेल, तर तेवढं मात्र जरूर सांगा. कॉस्टिंगमध्ये गणितं बरोबर होती पण वर्किंग नोट्स लिहिल्या नव्हत्या, असं एका मुलीने सांगितलं होतं. तिला पुढची दहा मिनिटं त्यावरच विचारलं, आणि घेतलंही.

अटेम्प्ट जास्त असलेल्या पोरांना हमखास भेटणारी एक जमात म्हणजे 'डमी'वाले. सही मिळेल, ऑफिसला यायची गरज नाही, घरी बसून फायनलचा अभ्यास कर. हा इन्स्टिट्यूटच्या लेखी सरळ गैरवर्तनाचा मामला आहे, पण ते बाजूला ठेवा. आता आर्टिकलशिप दोनच वर्षांची. तीही कागदावरच काढलीत तर पुढे नोकरीच्या मुलाखतीत 'एक ऑडिट सुरुवातीपासून सांगा' म्हटल्यावर काय सांगणार? इंटरचे अटेम्प्ट तोवर कुणी विचारत नसतं. मला डमीचा हा सल्ला देणारे तेच क्लासचे सर होते, म्हणून सांगतोय. शिकवायला देवमाणूस, पण आर्टिकलशिपबद्दल विचारायचं तर नुकतंच लागलेल्या सीनियरला विचारा.

आणि घाबरू नका हो. खरं लिहिल्यावर काही फर्म उत्तरच देणार नाहीत, ते बरंच आहे, तुमचा वेळ वाचला. मला शेवटी ज्यांनी घेतलं त्या मॅडमचं ऑफिस तीन खोल्यांचं. सीव्ही वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "नापास झाल्यावर अभ्यासात काय बदललंस?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, तो येतोच. पहिल्या सहा महिन्यांत टॅक्स ऑडिट, जीएसटी रिटर्न आणि एका सोसायटीचं ऑडिट, तिन्ही हाताखालून गेलं. मोठ्या फर्ममधला माझा मित्र तोवर एकाच क्लायंटच्या स्टॉकच्या याद्या जुळवत होता. (हे त्याला वाचायला देऊ नका.)

निकालाच्या दिवशीच एक काम करून टाका. इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवरून रजिस्ट्रेशन लेटर काढा, सगळ्या मार्कशीट, हो, नापासाच्याही, तारखेप्रमाणे एका पीडीएफमध्ये लावा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. सीव्हीसोबत लगेच जोडायची गरज नाही. मेलच्या शेवटी 'सर्व गुणपत्रिका मागितल्यास त्याच दिवशी पाठवतो' असं लिहा, आणि मागितल्या की खरंच त्याच दिवशी पाठवा.