सायकलची सीट टोचतीय? जेल कव्हर नको, आधी हाडं मोजा

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, तसं सायकल चालवणाऱ्या बायकांचं होतंय, फक्त जावयाच्या जागी दुकानातलं वीस वर्षांचं पोरगं असतंय. त्याला सांगणार काय? "बसायला जरा त्रास होतोय बघ" एवढंच तोंडातनं बाहेर पडतंय, मग ते बिचारं पण खाली बघत म्हणतंय, ताई जेल कव्हर टाकून देतो, एकदम सोफ्यासारखं होईल. माझं अगदी असंच झालं म्हणून हे लिहायला बसलो. (हो, मी बाईच आहे. कोल्हापूरची आहे, आमच्याकडं बायका "मी गेलो, मी बसलो" असंच बोलतात, बाहेरगावच्यांनी गोंधळू नये.)

तर सायकल घेतली, महिनाभर सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, काही वाटलं नाही. मग अंगात आलं आणि एका रविवारी पन्हाळ्याला निघालो. शिवाजी पूल ओलांडला तोवर मजेत, केर्लीच्या फाट्याला येईपर्यंत जांघेत आग आणि पुढं सगळं बधिर, वाघबीळचा चढ सुरू व्हायच्या आधीच उतरून सायकल हातात धरून चालत होतो. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर ते जेल कव्हर मिळालं. ते घालून परत गेलो आणि आधीपेक्षा जास्त लागलं. तेव्हा कळलं की मऊपणा आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे असं का होतंय ते आधी नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातंय. पाटावर बसा आणि हाताचे तळवे उलटे करून खाली सरकवा, दोन्ही बाजूला एकेक टणक गाठ बोटांना टोचेल, ती आपली बसायची हाडं. सायकलवर वजन त्या दोन हाडांवरच पडायला पाहिजे, मधल्या नाजूक भागावर नाही. आता कणकेच्या गोळ्यात दोन अंगठे दाबून बघा, अंगठे आत जातात आणि मधली कणीक फुगून वर येते, मऊ सीटवर नेमकं तेच होतंय. हाडं खाली रुतली की मधला फोम वर येऊन दाबतोय तो लघवीच्या जागेला आणि आजूबाजूच्या कातडीला. दहा मिनिटं बाजारात जाऊन यायचं असेल तर चालून जातंय, तासभर बसायचं तर घट्ट सीटच बरी, फक्त ती आपल्या हाडांच्या मापाची पाहिजे.

माप घरी काढता येतंय, खर्च शून्य. किराणा दुकानातनं बिस्किटाचा खोका आणा, तो आतून नाळीदार असलेला पुठ्ठा पाहिजे, चकचकीत पातळ पुठ्ठा नको. त्याचा एक तुकडा दगडी पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा, खाली कडक पाहिजे, सोफ्यावर ठेवून उपयोग नाही. पातळ सुती पँट घालून त्यावर बसा, टाचा उचला म्हणजे गुडघे जरा वर येतील, आणि सायकलवर जेवढं वाकता तेवढं पुढं वाका. अर्धा मिनिट तसंच बसा, वळवळ करू नका, हाताने स्टुलाची कड धरून स्वतःला खाली ओढलं तर ठसा चांगला उमटतोय. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील, दिसत नसतील तर खडू आडवा धरून हलकेच फिरवा किंवा मोबाइलची टॉर्च बाजूने मारा. एका खळग्याच्या मधोमध खूण, दुसऱ्याच्या मधोमध खूण आणि पट्टीने मधलं अंतर मिलिमीटरमध्ये. तीनदा करा, दोनदा जे येईल ते खरं. घरातले विचारतील काय चाललंय म्हणून, शाळेचा प्रोजेक्ट आहे म्हणून सांगा.

साधारण १०० ते १५० मिलिमीटरच्या मध्ये कुठंतरी आकडा येतोय. माझा आला १२२. नणंदेचा आला १४१, आणि ती काडी आहे, मी चांगली भरलेली, आम्ही दोघी पुठ्ठ्याकडं बघतच बसलो. तर सांगायचं हे की कंबर किंवा कुल्ले किती रुंद आहेत यावर हाडांचं अंतर ठरत नाही. सरासरी काढली तर बायकांची ही हाडं पुरुषांपेक्षा एकमेकांपासून जरा लांब असतात हे खरं आहे, म्हणून लेडीज सीट रुंद आणि पुढची चोच आखूड अशी बनवतात, पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. एखादीला पुरुषांच्या सायकलवरची सीट बरोबर बसते आणि लेडीज म्हणून विकलेली टोचते, त्यात बिचकण्यासारखं काही नाही. लेबल बघू नका, टेप लावून बघा.

आता त्या आकड्याचं करायचं काय? त्यात २० ते ३० मिलिमीटर मिळवा, ती साधारण सीटची रुंदी. म्हणजे माझं १२२ अधिक २५, १४७ च्या आसपासची सीट. एवढं मिळवायचं कारण सीटच्या कडा खाली वळलेल्या असतात, हाडं त्या वळणावर आली की घसरल्यासारखं होतंय, ती सपाट भागावर पाहिजेत. पण बसायची पद्धत पण बघा. हँडल उंच असलेली लेडीज सायकल असेल आणि पाठ ताठ ठेवून चालवत असाल तर सगळं वजन मागं येतंय, तेव्हा अजून रुंद, खाली स्प्रिंगवाली सीट पण चालते. नणंद लक्ष्मीपुरीला भाजी आणायला तसलीच सायकल वापरते आणि तिची सीट माझ्या सीटपेक्षा चांगली तीनेक सेंटीमीटर रुंद आहे, ती तिला मस्त आहे. तीच सीट माझ्या गिअरवाल्या सायकलला लावून बघितली तर मांड्यांच्या आतल्या बाजूला सतत घासायला लागली, कारण मी पुढं वाकून चालवतो, आणि जितकं पुढं वाकाल तितकी कमी रुंदी लागते. म्हणून मैत्रिणीला चांगली वाटली म्हणून तीच सीट आपण घ्यायची, हे करू नका.

बायकांच्या शरीराचा विचार करून सायकल बनवायची हे तसं अलीकडचंच खूळ आहे. अमेरिकेत जॉर्जिना टेरी म्हणून एक मेकॅनिकल इंजिनियर बाई आहेत, त्यांनी १९८५ मध्ये खास बायकांसाठी सायकली बनवायची कंपनी काढली, बायकांसाठी मध्ये भोक ठेवलेल्या सीटमुळं पण त्यांचं नाव झालं. आता ते भोक किंवा निदान मधली खोल चर बऱ्याच सीटला असते. ज्यांना पुढच्या भागात दाब किंवा बधिरपणा येतोय त्यांनी भोकवाली बघावी. पण ते सगळ्यांना सोसतंच असं नाही, काही जणींना त्या भोकाचीच कड कातडीला रुतते, विशेषतः भोक अरुंद असेल तर. अशांना उथळ चर बरी.

इंग्लंडच्या ब्रूक्सच्या चामड्याच्या सीटबद्दल पण विचारतात, त्यांची बी १७ बायकांसाठी आखूड करून पण मिळते. पापाच्या तिकटीवरनं आणलेली कोल्हापुरी चप्पल कशी आधी चावते आणि मग पायाच्या आकाराची होते, तसंच ते चामडं आहे, काहीशे किलोमीटर चालवल्यावर हाडांच्या जागी बसतंय. पण महाग आहे आणि आपल्या पावसात प्लॅस्टिकची पिशवी चढवल्याशिवाय ती बाहेर काढायची नाही. आणि चपलेचा हिशेब फोमच्या सीटला लावू नका! "चालवून चालवून होईल सवय" हे सगळे सांगतात. कातडीला आणि हाडांना सुरुवातीचे आठ-दहा दिवस सवय लागते, तेवढं खरं, पण चुकीच्या मापाची फोमची सीट वर्षभर चालवली तरी चुकीचीच राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी सगळ्यात शेवटी शिकलो म्हणून पैसे गेले. नवी सीट घ्यायच्या आधी आहे तीच नीट लावून बघा. तेरा किंवा चौदा नंबरचा पाना नाहीतर एलन की, बास.

आधी उंची. सीट फार वर असेल तर प्रत्येक पायडलला कंबर डावी-उजवी हलते आणि कातडी घासते, फार खाली असेल तर पायांवर वजनच येत नाही, सगळा भार सीटवर. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली न्या, पाय सरळ व्हायला पाहिजे, मग चवड्याने चालवताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतोय. आकड्यात पाहिजे असेल तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, एक पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर दाबा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर गुणिले ०.८८३. ७२ सेंटीमीटर आलं तर साडेत्रेसष्ट. ही क्रँकच्या, म्हणजे पायडलचे दांडे जिथं फिरतात त्या आसाच्या, मधोमधपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची, सुरुवात करायला चांगली, नंतर पाच-सहा मिलिमीटर खाली-वर करत बसा. बऱ्याच बायका दोन्ही पाय जमिनीला टेकायला पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवतात, मी पण ठेवायचो, सिग्नलला सीटवरनं पुढं उतरून एक पाय टेकायची सवय केली की ती भीती जाते. आणि सीटच्या पाइपवर एक रेघ असते, ती बाहेर दिसेपर्यंत वर ओढू नका, पाइप मोडतोय.

मग कल. सीटवर मोबाइल आडवा ठेवून लेव्हलचं ॲप लावा. सपाट, नाहीतर चोच अगदी एक-दोन अंश खाली. चोच वर असेल तर पुढचं दुखणं तिथंच आहे, सीट बदलायचीच गरज नाही. पण चोच फार खाली केली तर तुम्ही पुढं घसरणार आणि मनगटं दुखणार. पन्हाळ्याच्या घाटात एक गंमत लक्षात आली, रस्ताच वर उचललेला असतो म्हणजे सपाटीवर बरोबर असलेली चोच चढाला वर होते, आणि आपण जोर लावायला पुढं सरकतो ते थेट तिच्यावर. म्हणून घाट चढणाऱ्यांनी ते एक-दोन अंश खाली ठेवाच, आणि दर पाच मिनिटांनी उभं राहून दहा पायडल मारा, रक्त फिरतंय.

आणि हँडल. हे कोणी सांगतच नाही. हँडल लांब असेल तर आपण नकळत सीटच्या पुढच्या टोकावर बसतो, मागचा रुंद भाग रिकामा आणि वजन चोचीवर, मग कितीही भारी सीट घ्या. सीटच्या सळ्यांवर ती पुढं-मागं सरकते, पण हँडल लांब आहे म्हणून सीट पुढं ओढू नका, त्याने गुडघ्याचं गणित बिघडतंय. हँडल धरणारा तो पुढचा दांडा आखूड बसवून घ्या, फार महाग नसतो. माझा अर्धा त्रास त्यानेच गेला.

कपड्यांचं पटकन सांगतो. लेगिंग किंवा सलवारची शिवण बरोबर दाबाच्या जागी येते ती बघा. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घेतली तर तिच्या आत निकर घालायची नाही, मला पहिल्यांदा विचित्र वाटलं, पण निकरची इलॅस्टिकच घासते. वरनं कुर्ता घाला, कोण बघतंय. घरी आल्या आल्या ती काढायची, धुवायची, उलटी करून उन्हात वाळवायची, ओल्या पॅडवर तासभर गप्पा मारत बसलात तर पुळ्या येणारच. जांघेत घासत असेल तर निघायच्या आधी थोडं खोबरेल. पाळीच्या दिवसात पॅडच्या कडा फार घासतात, कप किंवा पिरियड पँटी वापरणाऱ्यांना सोपं जातंय, नाहीतर त्या दिवशी छोटीच फेरी. बाळंतपणाचे टाके असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसायचं नाही. आणि बधिरपणा उतरल्यावरही जात नसेल, गाठ लागत असेल, लघवीला जळजळत असेल तर सीट बदलत बसू नका, सरळ डॉक्टरकडं जा. जावई असला तरी जा.

दुकानात सीट दाबून बघू नका, अंगठ्याला मऊ लागणं आणि हाडाला बरं वाटणं याचा संबंध नाही. मापाची टेप घेऊन जा, सगळ्यात रुंद जागी मोजा, आणि आधीच विचारा की आठ दिवसांत बदलून देणार का, नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. चाचणी घ्यायची तर कळंब्याकडं किंवा गगनबावड्याच्या रस्त्याला सपाटीवर निदान तासभर, तेही तीन-चार वेळा. हाडांच्या जागी थोडं ठणकलं तर दोन-तीन दिवसांत जातंय, ते चालतंय. मधे दुखलं किंवा मुंग्या आल्या तर सीट परत. एका वेळी एकच गोष्ट बदला, उंची आणि कल दोन्ही एकदम फिरवलं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

आणि एकदा जमलं की सीटच्या पाइपवर जिथं क्लॅम्प येतोय तिथं नेलपॉलिशची रेघ मारून ठेवा. आमच्या पोराने दोनदा सायकल नेली आणि दोनदा सीट खाली करून आणून लावली, आता लाल रेघ बघून वर घ्यायची, अर्ध्या मिनिटाचं काम.