इंडायचा निकाल कसा वाचायचा

पदवीधर मतदारसंघाची मोजणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीगृहाची मोजणी परकी वाटणार नाही. पहिल्या पसंतीची मतं मोजायची, तळाच्याला बाद करायचं, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. एक फरक मात्र मोठा आहे. तिथे एकच पसंती देऊन थांबता येत नाही, उमेदवारांना क्रम द्यावाच लागतो. त्यामुळे मतपत्रिका अर्ध्यावर संपत नाहीत, प्रत्येक मत शेवटच्या दोघांपैकी कुणाकडे तरी पोहोचतं.

सरावासाठी ईशान्य व्हिक्टोरिया राज्यातला इंडाय मतदारसंघ घ्या. वोडोंगा, वँगरॅटा ही त्यातली मोठी गावं. वर्ष 2013. लिबरल पक्षाच्या विद्यमान खासदार सोफी मिराबेला यांना पहिल्या पसंतीची 44.68 टक्के मतं, अपक्ष कॅथी मॅकगोवन यांना 31.18. आपल्याकडे इथेच गुलाल उधळला गेला असता.

आता 100 मधून दोघींची मतं वजा करा. उरले 24.14, म्हणजे मजूर पक्षासह बाकी सगळे. 50 गाठायला मिराबेलांना त्यातले 5.32 हवेत, मॅकगोवन यांना 18.82. म्हणजे उरलेल्या दर शंभर मतांतली 78 मॅकगोवन यांच्याकडे वळायला हवीत. अवघड, पण नाराजी विद्यमान खासदारावरच असेल तर शक्य. प्रत्यक्षात सुमारे 79 वळली. मॅकगोवन 50.25 टक्क्यांवर, 439 मतांनी विजयी. आघाडी किती, यापेक्षा आघाडीवरचा उमेदवार 50 पासून किती दूर आहे आणि बाकीच्यांना तो किती नकोसा आहे, ते आधी बघा.

नवखे हमखास फसतात ते पुढे. निवडणूक आयोग दोन वेगळे आकडे देतो: एक शेवटच्या दोन उमेदवारांमधला, दुसरा लिबरल-नॅशनल युती विरुद्ध मजूर पक्ष असा, देशभराच्या तुलनेसाठी काढलेला. 2013 मध्ये या दुसऱ्या आकड्यात इंडायची लिबरल बाजू 59 टक्क्यांच्या आसपास होती. तेवढंच वाचणाऱ्याला ही जागा बालेकिल्ला वाटेल. विजयी कोण, हे कायम पहिल्यावरून ठरवा.

मोजणीच्या रात्री निकाल लिहून टाकू नका. टपाली मतं मतदानानंतर 13 दिवसांपर्यंत स्वीकारतात, आणि अटीतटीच्या जागी तीच पारडं फिरवतात. शिवाय आकडे भरताना माणसं चुकतात: त्याच 2013 मध्ये वँगरॅटाची सुमारे हजार मतं बेरजेत आलीच नव्हती, ती फेरतपासणीत सापडली.

जुने निकाल लावताना 1918 ची रेघ मारा. त्या वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान पोटनिवडणुकीत मजूरविरोधी मतं फुटली आणि जेमतेम एक तृतीयांश मतांवर मजूर पक्ष जिंकला. पसंतीक्रम आला तो त्यानंतर. त्याआधीचे टक्के नंतरच्यांशी ताडू नका.

आणि इंडायच्या तक्त्यात 1928 ची ओळ मतांच्या कलासाठी वापरूच नका. कंट्री पक्षाचे विद्यमान खासदार रॉबर्ट कुक यांचा उमेदवारी अर्ज वेळेत पोहोचला नाही, आणि मजूर पक्षाचे पॉल जोन्स बिनविरोध निवडून आले.