क्षत्रपांची नाणी: ‘हवी’ची यादी लिहायची कशी

‘विजयसेन, चांदी, चांगल्या स्थितीत.’ नवे संग्राहक ‘हवी’ची, म्हणजे मिळवायच्या नाण्यांची, अशी यादी दाखवतात आणि यात काय कमी आहे असं विचारतात. जवळजवळ सगळंच कमी आहे. विजयसेन क्षत्रप, म्हणजे धाकट्या हुद्द्यावर, असतानाचा हवा की महाक्षत्रप, म्हणजे थोरला, झाल्यावरचा? साल वाचता यायला हवं का? ठसा मारताना बापाचं नाव नाण्याच्या चाकतीबाहेर गेलं असेल तर चालेल का? याची उत्तरं घरी, डोकं शांत असताना लिहून ठेवायची. ऑक्शनमध्ये आकडा चढत असताना ती सुचत नाहीत, आणि सुचली तरी आपण ऐकत नाही.

मी नाशिक जिल्ह्यात तलाठी होतो, आता निवृत्त आहे. पश्चिम क्षत्रपांची, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या शक राजांची, चांदीची नाणी जमवतो. पंजाबचे इंडो-ग्रीक सुंदर, कुषाणांचं सोनं त्याहून सुंदर, पण माझ्या पेन्शनला आणि स्वभावाला मानवले ते क्षत्रप. कारण सरळ आहे. दोन ग्रॅमच्या आसपास वजनाच्या, नखाएवढ्या नाण्यावर राजाचं नाव, हुद्दा, बापाचं नाव, बापाचा हुद्दा आणि बहुतेकांवर शक संवतातलं सालही असतं. वारस नोंदीचा फेरफार म्हणा ना! प्राचीन भारतात इतकी सोय दुसऱ्या फारशा कुणी करून ठेवलेली नाही, म्हणून यादी करायला शिकायचं तर याच नाण्यांवर शिकावं.

आधी हद्द ठरवा

‘सगळे क्षत्रप’ ही हद्द नव्हे. चष्टनापासून तिसऱ्या रुद्रसिंहापर्यंत तीनशे वर्षांचा पसारा आहे. त्यातला एक तुकडा उचला. मी नवख्यांना दामसेनाची चार मुलं सुचवतो: वीरदामन, यशोदामन, विजयसेन आणि तिसरा दामजदश्री. चारही भाऊ, एकामागून एक, सगळं मिळून वीसेक वर्षांत. विजयसेन सहज मिळतो, दामजदश्री थोडा शोधावा लागतो, यशोदामनासाठी बराच धीर लागतो. सोपं-अवघड असं मिश्रण असलं की यादीत जीव राहतो. सगळं सोपं असलं तर दोन प्रदर्शनांत संपतं, सगळं दुर्मिळ असलं तर वर्षभर एकही खूण करता येत नाही आणि माणूस कंटाळून भलतंच काही घेऊन बसतो.

दुसरी पद्धत एकाच राजाची सालं लावण्याची. दुसरा रुद्रसेन, शक १७७ ते १९९, म्हणजे इ. स. २५५ ते २७७. नाणी भरपूर आहेत, पण साल नीट दिसणारी त्यांतली थोडी. हे काम चिकाटीचं आहे, फार खर्चाचं नाही.

प्रत्येक नोंदीत काय लिहायचं

नुसतं ‘रुद्रसेन’ लिहू नका. रुद्रसेन तीन आहेत. पहिला रुद्रसिंहाचा मुलगा, दुसरा वीरदामनाचा, तिसरा स्वामी रुद्रदामनाचा. रुद्रसिंहही तीन: रुद्रदामनाचा, स्वामी जीवदामनाचा आणि स्वामी सत्यसिंहाचा. तेव्हा यादीत राजाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात बापाचं नाव हवं. चेहऱ्यावरून राजा ओळखायच्या भानगडीत तर पडूच नका. मिश्या आणि टोपी सगळ्यांची सारखीच.

मग हुद्दा. धाकटा कारभारी क्षत्रप, थोरला महाक्षत्रप, आणि दोघंही एकाच वेळी आपापल्या नावानं नाणी पाडत. तोच माणूस बढती मिळाली की नव्या हुद्द्यानं नाणी काढतो. म्हणून यादीत विजयसेनाची घरं, म्हणजे स्वतंत्र नोंदी, दोन: शक १६० चा क्षत्रप आणि १६१ ते १७२ चा महाक्षत्रप. पहिलं घर भरायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. वीरदामनाला मात्र एकच घर, तो महाक्षत्रप झालाच नाही. त्याच्या मुलाच्या, म्हणजे दुसऱ्या रुद्रसेनाच्या नाण्यांवरही बापापुढे नुसतं ‘क्षत्रप’ आहे. घरात काय झालं असेल कोण जाणे, पण मुलानं बापाला खोटी बढती दिली नाही हे मला आवडतं.

यानंतरचा रकाना बहुतेकांच्या यादीत नसतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच: नाण्यावरचा नेमका कोणता भाग दिसायला हवा. क्षत्रपांचा ठसा चाकतीपेक्षा बहुधा मोठा असायचा. त्यामुळे काही ना काही बाहेर राहतंच. पुढच्या बाजूला राजाच्या डोक्यामागे साल, मागच्या बाजूला तीन कमानींची टेकडी, चंद्रकोर, तारे, खाली नदीची नागमोडी रेघ आणि भोवती ब्राह्मी लेख. सगळंच्या सगळं उमटलेलं नाणं क्वचित मिळतं, आणि मिळालं तर त्याची किंमतही तशीच असते. तेव्हा काय सोडायला तयार आहात ते आधी ठरवा.

लेखाचा क्रम असा: राज्ञो महाक्षत्रपस, मग अमुकपुत्रस, मग पुन्हा राज्ञो, हुद्दा आणि शेवटी राजाचं नाव. भिंग घेऊन आधी ‘पुत्रस’ शोधा. त्याच्या आधीचा बाप, नंतरचा मुलगा. सुरुवातीला एवढीच ब्राह्मी पुरते, पंधरा-वीस अक्षरं, एका सुट्टीत येतात. वरच्या मात्रा चाकतीबाहेर गेलेल्या असतात, त्यावर अडून बसू नका. अडायचंच तर ‘महा’ या दोन अक्षरांवर अडा. दुसऱ्या ‘राज्ञो’नंतर ती आहेत की नाहीत यावर नाणं कोणत्या घरात जाणार ते ठरतं. तोच भाग कापलेला असेल आणि सालही नसेल, तर चेहरा कितीही देखणा असो, ते नाणं तुमच्या यादीत बसत नाही.

सालाचं गणित वेगळं आहे. यात शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. शंभराची एक खूण, साठाची एक, सातची एक, झाले १६७. दोनशेसाठी शंभराच्याच खुणेला एक जास्तीची रेघ, तीनशेला दोन. शकात ७८ मिळवले की इसवी सन, १६७ म्हणजे २४५. माझा नियम असा की सहज मिळणाऱ्या राजाचे तिन्ही अंक दिसलेच पाहिजेत, मध्यम दुर्मिळाचे शतक आणि दशक पुरे, आणि अगदी दुर्मिळ असेल तर नाव वाचता आलं की सालाचा हट्ट सोडायचा.

ईश्वरदत्त नावाचा महाक्षत्रप या सगळ्याला अपवाद. त्याच्या नाण्यांवर बापाचं नाव नाही आणि शकाचं सालही नाही. नुसतं ‘वर्षे प्रथमे’ नाहीतर ‘द्वितीये’. कुठून आला, नेमका कधी आला, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. माझ्या यादीत तो सगळ्यात खाली आहे, पेन्सिलनं लिहिलेला.

पायाभूत वर्गवारीसाठी रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी केलेला १९०८ चा कॅटलॉग अजूनही चालतो. आमच्या भागातल्यांनी त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीला, नाणकशास्त्राच्या संस्थेत एक चक्कर जरूर मारावी. छायाचित्रं पाहण्यापेक्षा काचेतलं खरं नाणं पाहिलं की आकाराचा अंदाज येतो. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, ‘एवढंसंच?’

नहपानाची दोन घरं

नाशिककराच्या यादीत नहपान नसेल तर ती यादी अपुरी. तो चष्टनाच्या घराण्यातला नव्हे, क्षहरात कुळातला, पण त्याला टाळायचं कसं? १९०६ साली जोगलटेंभीला त्याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. पांडवलेण्यांत जाऊन पाहा. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात दानाचा हिशेब सांगतो, सत्तर हजार कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे दोन हजार सुवर्ण (सोन्याची नाणी), एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री सांगते की माझ्या मुलानं क्षहरातांचा वंश निर्मूळ केला. दोन्ही लेणी एकाच डोंगरावर, आणि त्या भांडणाची चांदी तुमच्या तळहातावर.

म्हणून नहपानाला दोन नोंदी द्या. पहिली मूळ नाण्याची: एका बाजूला चेहरा आणि ग्रीक अक्षरांची मोडतोड, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. दुसरी ठसा मारलेल्याची, आणि तिथे अट अशी घाला की दोघंही दिसले पाहिजेत. सातकर्णीची टेकडी किंवा उज्जैन चिन्ह (अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं) स्पष्ट, आणि खाली नहपानाचं नाक, डोळा, निदान ग्रीक अक्षरं तरी शिल्लक. नुसता वरचा ठसा छान बसलेलं नाणं स्वस्त असलं तरी मी घेत नाही. ज्याच्यावर मारला तोच दिसत नसेल तर मजा काय राहिली?

‘नको’ची यादी

वेगळ्या पानावर लिहा. भोक पाडलेलं किंवा दागिन्याची कडी काढून घासलेलं नको. चिंच, लिंबू, पितांबरी लावून झगमगीत केलेलं नको. कडेला ओतकामाची शिवण दिसणारं नको. दोन नाण्यांवर खड्डे आणि ओरखडे नेमके त्याच जागी दिसले तर दोन्ही ओतीव समजा, विक्रेता कितीही जुना असो. ‘सेटमध्ये घ्या, स्वस्त पडेल’ हेही नको. सेटमधलं एक हवं असतं आणि सहा गळ्यात पडतात.

आणि माती लागलेलं, ‘शेतात सापडलं’ म्हणून कुणी गुपचूप दाखवतो ते तर मुळीच नको. हे जुन्या नोकरीच्या अधिकारानं सांगतो. १८७८ च्या निधी कायद्यानं जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शिवाय असा साठा फुटून विकला गेला की कोणतं नाणं कोणाबरोबर पुरलं होतं ही माहिती कायमची जाते. वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांची दीड हजारांवर पोटीनची, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची, नाणी सापडली. ती एकत्र अभ्यासता आली म्हणून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं कळली.

पुरावस्तू कायदा १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनं नाणं त्यात येतं. विकणाऱ्याकडे परवाना हवा, आणि असं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. पुण्यात घेऊन न्यूजर्सीला भावाकडे पाठवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. प्रत्येक खरेदीची पावती घ्या, पावतीवर नाण्याचं वर्णन आणि वजन लिहून घ्या.

फक्त पाहायची नाणी

काही नाणी विकत घ्यायची नसतात, तरी लिहून ठेवावीत. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उघडला, त्यात यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं निघालं. एका बाजूला राजाचा चेहरा, आणि ही चेहऱ्याची पद्धत सातवाहनांनी क्षत्रपांकडूनच उचललेली. असं नाणं माझ्या ऐपतीबाहेर आहे, म्हणून ते ‘पाहायची’ या मथळ्याखाली आहे. या मथळ्यामुळे खिसा वाचतो.

किंमत आणि यादी कुणाला द्यायची

प्रत्येक नोंदीपुढे वरची मर्यादा लिहा. ऑक्शनमध्ये हातोड्याच्या किमतीवर कमिशन आणि कर चढतात, तेव्हा मर्यादा सगळं धरून लिहायची. गेल्या दोन-तीन लिलावांत तसंच नाणं कितीला गेलं ते बाजूला टिपा, आणि त्या नाण्यावर साल होतं की नाही तेही. साल असलेल्याचा भाव साल नसलेल्याला लावून विक्रेते मोकळे होतात.

विक्रेत्याला यादी देताना मर्यादेचा रकाना झाकून द्या. बाकी सगळं उघडं द्या, विशेषतः कोणता भाग दिसायला हवा तो रकाना. चांगला विक्रेता तो वाचून फोटो त्याच कोनातून पाठवतो. माझी एक नोंद नमुन्यादाखल:

‘विजयसेन, दामसेनपुत्र. महाक्षत्रप. शक १६१ ते १७२, पैकी १६४ आणि १७० आहेत, ते सोडून. तिन्ही अंक दिसावेत. दुसरं ‘महा’ दिसावं. बापाचं नाव अर्धं चालेल. नदीची रेघ नसली तरी चालेल. भोक, घासलेलं नको. वजन आणि दोन्ही बाजूंचा फोटो आधी पाठवावा.’

नाणं मिळालं की नोंद खोडू नका, पुढे तारीख आणि पावती क्रमांक घाला. वर्षातून एकदा, मी दिवाळीनंतर करतो, यादी नव्यानं उतरवून काढा. ज्या नोंदीसाठी आलेली दोन चांगली नाणी तुम्ही हात न लावता जाऊ दिलीत, ती नोंद नव्या यादीत घेऊ नका.