अलर्ट रांगेतच अडकला होता

नव्याने मेल सर्व्हर सांभाळायला घेतलाय त्यांच्यासाठी लिहितोय. सर्व्हरवर लक्ष ठेवून अलर्ट पाठवणारं मोनिट किंवा झॅबिक्स बसवणं तुम्हाला जमेलच, त्यात वेळ घालवत नाही.

सोमवारी सकाळी अकाउंट्समधून फोन आला, "मेल जात नाहीयेत." टॉप (कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी कमांड) उघडलं तर क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा) आणि अमॅविस (मेल तपासणीसाठी पुढे देणारा) यांनी सगळे कोअर व्यापलेले. कुणाचा तरी पासवर्ड फुटला होता आणि रात्रभर आमच्या सर्व्हरवरून स्पॅम सुटत होता. प्रोसेसर ८०% च्या वर गेला की मला मेल यावा, असं मीच लावलं होतं. आला नव्हता. मेलक्यू (रांगेतले मेल दाखवणारी कमांड) चालवलं, तर स्पॅमच्या गर्दीत माझेच अलर्ट उभे. पहिला पहाटे २:४० चा. पोटात गोळा आला.

हे नीट समजून घ्या. अलर्ट त्याच मशीनवरून निघतो. पोस्टफिक्स, म्हणजे मेल पाठवणारा मुख्य प्रोग्राम, तो तपासायला अमॅविसकडे देतो, अमॅविस क्लॅमएव्हीकडे. म्हणजे प्रोसेसर भरलाय हे सांगणारा मेल त्याच भरलेल्या प्रोसेसरची वाट बघत बसतो. शिवाय पोस्टफिक्सच्या ॲक्टिव्ह रांगेची (पाठवणं चालू असलेल्या मेलची) मूळ मर्यादा २०,००० मेलची. ती भरली की नवा मेल त्या रांगेतही शिरत नाही. जीमेलचा पत्ता दिला तरी उपयोग नाही, कारण बाहेर पडायची वाट तीच. अलर्ट टेलिग्राम बॉटवर किंवा एसएमएसवर घ्या, आणि लक्ष ठेवणारं मशीनही वेगळं ठेवा.

"८० टाक आणि विसर," असं सांगणाऱ्या सिनिअरचं ऐकू नका. क्लॅमएव्ही नव्या सिग्नेचर (व्हायरसच्या खुणा) लोड करतानाही प्रोसेसर थोडा वेळ उसळतो. सलग दहा मिनिटं वर राहिला तरच अलर्ट, असं ठेवा. नाहीतर आठवडाभरात तुम्ही अलर्ट न वाचताच पुसायला लागाल. लोड ॲव्हरेजवर (चालू असलेल्या किंवा प्रोसेसरची वाट बघणाऱ्या कामांची सरासरी) अलर्ट लावलात तरी तेच: ४ म्हणजे चार कोअरच्या मशीनवर भरलेलं, सोळा कोअरवर काहीच नाही. लिनक्समध्ये डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही त्यात मोजल्या जातात. म्हणून दुसऱ्याची कॉन्फिग जशीच्या तशी उचलू नका.

चूक झाली तर खचू नका, माझी नोकरी शाबूत आहे. फक्त एका रात्री चाचणी म्हणून पोस्टफिक्स बंद करा, प्रत्येक कोअरवर एक यस कमांड (कोअर भरून ठेवणारी) सोडा आणि पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्यात येणारा मेल हरवत नाही, समोरचे सर्व्हर पुन्हा पाठवतात. पोस्टफिक्स बंद असताना तुमचा फोन वाजला पाहिजे.