परदेशात मॉडेल किट आणि वॉरगेमिंगचं दुकान शोधताय? या चुका टाळा

कंपनीनं मशीनच्या ट्रेनिंगसाठी पंधरा दिवस जर्मनीला पाठवलं होतं. मधला एकच रविवार मोकळा. दोन ट्राम बदलून पाऊण तासावर मॉडेलचं एक दुकान नकाशात दिसत होतं. शनिवारी रात्री यादी केली, पैसे मोजून ठेवले आणि सकाळी दहाला दारात जाऊन उभा राहिलो. दार बंद. काचेतून १/३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या, रणगाड्यांची खोकी एकावर एक रचलेली दिसत होती. जर्मनीत काही अपवाद सोडले तर रविवारी दुकानं कायद्यानंच बंद असतात. स्टेशनवरची चालू असतात म्हणून मला वाटलं, सगळीच चालू असतील. सोमवारी पुन्हा ट्रेनिंग, आणि पुढच्या शनिवारी तर परतीचं विमान.

मी जालन्याचा. किटचं, म्हणजे भाग जोडून रणगाड्याची नाहीतर विमानाची प्रतिकृती करायच्या संचाचं, खोकं हातात घ्यावं, झाकण उघडून आतले भाग बघावेत आणि मग पैसे द्यावेत, असं दुकान लहानपणी कधी पाहिलंच नाही. बाहेरून मागवायचं म्हटलं तर खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. स्केल मॉडेलही त्याच ९५०३ क्रमांकाच्या शीर्षकात मोडतं. त्यामुळे नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा लेकीजावयाकडं जायच्या निमित्तानं परदेशी गेलेल्या आपल्या माणसाला तिथली एक दुपार फार मोलाची असते. ती वाया जाऊ नये म्हणून हे लिहितोय. यातल्या बऱ्याच चुका माझ्याच हातून झाल्या आहेत.

चुकीचा शब्द टाकून शोधणं

परभणीच्या एका मित्रानं युरोपातून मेसेज केला, "दादा, इथं एकबी दुकान नाही." त्यानं नकाशात इंग्रजीतून 'मॉडेल शॉप' टाकलं होतं. आला फॅशनचा स्टुडिओ, आला इमारतींच्या प्रतिकृती करणारा. त्याला म्हटलं, 'मॉडेलबाऊ' टाक. दहा मिनिटांत तीन दुकानं निघाली, त्यातलं एक त्याच्या हॉटेलच्या मागच्या गल्लीत.

ज्या देशात आहात तिथल्या भाषेतला शब्द लागतो. जर्मनीत किटसाठी 'मॉडेलबाऊ' आणि वॉरगेमिंगसाठी, म्हणजे छोट्या सैनिकांच्या सेना टेबलावर लढवायच्या खेळासाठी, 'टेबलटॉप'. फ्रान्समध्ये किटला 'माकेत' म्हणतात. इटलीत 'मोडेलिस्मो', स्पेनमध्ये 'मोदेलिस्मो' किंवा 'माकेतास'. जपानीत 'मोकेई' किंवा 'पुरामोदेरु', आणि हे शब्द जपानी लिपीत टाकले तर जास्त दुकानं येतात. भाषांतराच्या ॲपमधून शब्द त्या लिपीत करून घ्या आणि निघण्याआधी घरीच फोनमध्ये साठवून ठेवा. जपानी 'मोकेई' आणि चिनी 'मोशिंग' लिहायला अक्षरं तीच आहेत, म्हणून एकदा साठवलेला शब्द हाँगकाँगलाही चालतो.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत वेगळीच गफलत होते. अमेरिकेत 'हॉबी'च्या नावाखाली लोकर, कापडी फुलं आणि फोटोफ्रेमची मोठमोठी दुकानं येतात. इंग्लंडमध्ये 'मॉडेल शॉप' म्हणजे बऱ्याचदा खेळण्यातली रेल्वे. आणि 'गेम शॉप' टाकलं तर जगभर व्हिडिओ गेमचीच दुकानं येतात. म्हणून दुकानाऐवजी मालाचं नाव टाका: किटसाठी तामिया किंवा एअरफिक्स, वॉरगेमसाठी वॉरहॅमर, रंगांसाठी व्हायेहो. ज्याच्या लोकांनी टाकलेल्या फोटोत रंगांच्या बाटल्यांचा रॅक दिसतो, ते दुकान आपलं.

फोटो कधीचे आहेत तेही बघा. कित्येक जुन्या दुकानांनी गाळा सोडून फक्त ऑनलाइन विक्री ठेवली आहे, पण नकाशावरचं टिंब तसंच असतं. गेलात तर एखादं गोदाम किंवा कुणाचं तरी राहतं घर लागतं. गेल्या दोन-तीन महिन्यांतला एकही अभिप्राय नसेल तर फोन किंवा ईमेल केल्याशिवाय निघू नका.

वॉरगेमचं आणि किटचं दुकान एकच समजणं

आपल्या डोक्यात दोन्ही एकच असतं, कारण आपण दोन्ही घरच्या एकाच टेबलावर करतो. तिकडं हे दोन वेगळे धंदे आहेत. वॉरहॅमरच्या स्वतःच्या दुकानात फक्त त्याच कंपनीच्या सेना, रंग आणि पुस्तकं मिळतात. तिथं स्पिटफायर विमान किंवा मराठा घोडदळ मागून उपयोग नाही. शिवाय यातली बरीच दुकानं एकटा माणूस चालवतो, त्यामुळे आठवड्यातले एक-दोन दिवस बंद असतात. वार बघूनच जा.

इंग्लंडला जाणार असाल आणि वॉरगेमिंगची आवड असेल तर लंडनमध्येच अडकू नका. नॉटिंगहॅमला जा. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय आणि वॉरहॅमर वर्ल्ड तिथंच, लेंटन भागात आहे. वॉरलॉर्ड गेम्स, पेरी मिनिएचर्स आणि फाउंड्री या सैनिक बनवणाऱ्या कंपन्याही त्याच शहराच्या आसपासच्या. शिशाच्या सैनिकांचा धंदा तिथं इतका दाटला की त्या पट्ट्याला 'लेड बेल्ट' असं नावच पडलं. पण यातल्या सगळ्या कंपन्या काही दुकान थाटून बसलेल्या नाहीत, म्हणून आधी विचारूनच जायचं.

किटवाल्यांनी संग्रहालयं विसरू नयेत. बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम, डक्सफर्डचं विमान संग्रहालय, लंडनचं आरएएफ म्युझियम, या सगळ्यांच्या दुकानांत किट असतात, आणि किटमधला रणगाडा आधी डोळ्यांनी बघून घेता येतो ते वेगळंच. तारखा जुळत असतील तर प्रदर्शन गाठा: टेलफर्डला नोव्हेंबरात स्केल मॉडेलवर्ल्ड, लंडनला सहसा एप्रिलमध्ये वॉरगेमिंगचं सॅल्यूट, जर्मनीत एसेनला ऑक्टोबरात खेळांचं श्पील. न्यूरेम्बर्गच्या खेळण्यांच्या मोठ्या मेळ्याचं नाव ऐकून मात्र तिकीट काढू नका. तो व्यापाऱ्यांसाठी आहे, तुम्हाआम्हाला आत सोडत नाहीत.

वार, वेळ आणि मजला न बघणं

जर्मनीचा रविवार सांगितलाच. छोट्या गावांत शनिवारी दुपारनंतरही शटर पडतं. स्पेनमध्ये छोटी दुकानं दुपारी दोन-अडीच तास बंद असतात. बार्सिलोनात आर्क दे त्रिऊम्फजवळ कॉमिक्स आणि खेळांच्या दुकानांचा एक झुबकाच आहे, तिथं उन्हात भर दोनला पोचलात तर सावली शोधत बसावं लागेल. फ्रान्समध्ये सोमवार जपा. आखातात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे आणि शुक्रवारी सरकारी कामकाज अर्धा दिवस असतं.

जपानमध्ये मजल्याचा घोळ होतो. तिथला '१ एफ' म्हणजे आपला तळमजला. अकिहाबारातल्या योदोबाशीचा मॉडेलचा विभाग '६ एफ'वर आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं पाचवा मजला. स्टेशनला लागून असलेल्या रेडिओ काइकानमध्येही छंदाची दुकानं वरच्या मजल्यांवर आहेत, रस्त्यावरून काहीच दिसत नाही. हाँगकाँगच्या मोंगकोकमध्येही तसंच. पाटी शोधत रस्त्यानं फिरू नका, इमारतीत शिरा आणि लिफ्टजवळचा फलक वाचा. जुनी, उत्पादन थांबलेली किट हवी असतील तर टोकियोतलं नाकानो ब्रॉडवे बघा.

एक चूक मात्र जपानला जाणाऱ्या प्रत्येकानं टाळावी. तामियाचं गाव शिझुओका. हासेगावा, आओशिमा, फुजिमी, सगळे त्याच प्रांतातले, आणि दर मे महिन्यात तिथं हॉबी शो भरतो. टोकियोहून बुलेट ट्रेननं एक-दीड तास. पण सगळ्यात वेगवान 'नोझोमी' गाडी शिझुओकाला थांबतच नाही. तिच्यात बसलात तर शहर खिडकीतून मागं जाताना बघत थेट नागोयाला उतराल. 'कोदामा'नं जा किंवा शिझुओकाला थांबणारी 'हिकारी' बघून घ्या.

मापाचा नमुना न नेणं

दुकानात सगळंच आवडतं आणि घरी आल्यावर कळतं की सैनिक आपल्या सेनेशेजारी लेकरांसारखे दिसतात. १/७२ चे प्लास्टिकचे सैनिक २८ मिलिमीटर उंचीच्या सेनेत खपत नाहीत. २८ मिलिमीटर म्हणजे ढोबळमानानं १/५६ ते १/६०, आणि दोन कंपन्यांच्या २८ मिलिमीटरमध्येही फरक पडतो. माझ्या खिशात छोट्या डबीत कापसात गुंडाळलेला माझाच एक शिपाई असतो. शेल्फजवळ तो काढायचा, शेजारी धरायचा, मग ठरवायचं. रंग जुळवायचा असेल तर प्लास्टिकच्या तुकड्यावर तो रंग लावून न्या. फोनवरच्या फोटोवरून रंग निवडू नका.

रंग, गोंद आणि सामान

इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं. स्प्रे प्रायमर, एनॅमल, लॅकर, थिनर आणि तामियाचा पातळ सिमेंट गोंद या ज्वलनशील वस्तू आहेत. त्या हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इन बॅगेतही नाहीत. तामियाच्या ॲक्रिलिकमध्येही अल्कोहोल असतं, तेव्हा 'ॲक्रिलिक आहे, चालेल' असं धरू नका. व्हायेहो मॉडेल कलरसारखे पाण्यातले रंग चेक-इनमध्ये ठेवा आणि कंपनीच्या साइटवरचं सुरक्षेचं कागदपत्र छापून सोबत घ्या. कटर, ब्लेड, निपर हेही चेक-इनमध्येच. बॅटरीवरचा एअरब्रश कंप्रेसर असेल तर त्याची लिथियम बॅटरी मात्र हातातल्या बॅगेत लागते. माझ्या मते परदेशातून रंग आणूच नयेत. ब्रश, चिमटे, डिकॅल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं), धातूचे सैनिक आणा. वजनाच्या मानानं त्यांचं मोल जास्त आहे आणि ते हातात घेऊनच निवडायची वस्तू आहे.

खोक्यात निम्मी हवाच असते. भाग पिशवीत घ्या, काचेचे पारदर्शक भाग मोज्यात वेगळे गुंडाळा, डिकॅल आणि माहितीपत्रक कडक फाइलमध्ये सपाट ठेवा, आणि खोकं उलगडून बॅगेच्या तळाला अंथरा. मुंबईपर्यंत तीस किलो चालले म्हणून निर्धास्त राहू नका. पुढं संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचं तिकीट वेगळं काढलं असेल तर देशांतर्गत साधारण पंधराच किलो धरतात आणि वरच्या प्रत्येक किलोचे पैसे मोजावे लागतात. तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेसनं आलात तर बॅग सीटखाली आपल्या नजरेसमोर राहते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत किट टाकू नका. माझ्या एका जहाजाचं खोकं दुसऱ्या कुणाच्या तरी मिक्सर-कुकरखाली चेपलं गेलं. आणि मे महिन्यात बंद गाडीत रेझिनचे भाग ठेवले तर आपल्याकडच्या उन्हात तलवारी वाकतात.

बिलं जपा. कस्टम्सची सवलतीची मर्यादा निघण्याआधी त्यांच्या साइटवर बघा. कर परताव्याचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये पर्यटकांची ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. जर्मनीत पन्नास युरोंवरच्या खरेदीवर मिळतो, पण बॅग चेक-इन करण्याआधी विमानतळावरच्या कस्टम्सला माल दाखवून शिक्का घ्यावा लागतो. जपानमध्ये १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना परतावा घ्यायचा अशी पद्धत होतेय. पासपोर्ट जवळ हवाच. थोडी रोख रक्कमही ठेवा, छोट्या दुकानांत आपलं कार्ड नेहमी चालत नाही.

गप्प राहून परत येणं

पहिल्या दोन-तीन वेळा मी आत जायचो, घ्यायचं ते घ्यायचो आणि निघायचो. इंग्रजी अडखळेल याची भीती. हीच माझी सगळ्यात मोठी चूक होती. जवळपास दुसरं कुठलं दुकान आहे, हे गल्ल्यावरच्या माणसाइतकं नकाशालाही माहीत नसतं, आणि विचारलं की तो सांगतो. खेळ चालू असेल तर उभं राहून बघा, फक्त कुणाचा सैनिक न विचारता उचलू नका. रंगवायला त्याला महिने लागलेले असतात. कुठं खेळायला जागा आहे, कुठल्या वारी लोक जमतात, हेही तिथंच कळतं.

नॉटिंगहॅमजवळच्या एका दुकानात मराठा तोफखान्याचे सैनिक आहेत का, असं विचारलं. म्हाताऱ्या मालकानं विचारलं, "असई?" मी म्हटलं, "असई आमच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ आहे." त्यानं खुर्ची ओढून दिली. मराठे आणि इंग्रजांमधली २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई त्यानं टेबलावर कितीदा तरी मांडली होती. शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा, त्यांच्या पदरच्या पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या कवायती पलटणी, खेळणा आणि जुई या दोन नद्यांमधली जमिनीची जीभ, सगळं त्याला पाठ होतं. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली म्हणजे मधे पायी ओलांडण्याजोगा उतार असणारच, असा अंदाज बांधून इंग्रज सेनापती वेलस्लीनं नदी ओलांडली होती. इंग्रजी नकाशांत ती गावं पीपलगाव आणि वरूर अशी लिहिलेली आहेत. मालकानं मला विचारलं, सप्टेंबरात त्या उताराला पाणी कुठवर असतं? गाळ काळा असतो की तांबडा? काठावर झाडी कसली?

मला सांगता आलं नाही. पुढच्या सप्टेंबरात मोटारसायकल काढून भोकरदनला गेलो, खेळणेच्या काठाकाठानं चाललो, पाण्यात काठी रोवून तिच्यासकट फोटो काढले, चिखलाचा, बाभळींचा, काठच्या कपाशीचा. सगळे त्याला पाठवून दिले. डिसेंबरात त्याचा ईमेल आला. सोबत त्याच्या टेबलाचा फोटो होता. नदीचा काठ त्यानं खरवडून पुन्हा रंगवला होता, काळ्या मातीत.