वासरू अंगानं भरत नसेल तर खुराकाआधी चिकाचा हिशोब बघा
उन्हाळ्यात आटवलेल्या गाई-म्हशी आता विणीला आल्यात आणि पावसा-चिखलात जन्मणाऱ्या वासरांबद्दल दर सीझनला तीच तक्रार, की दोन वासरं एकाच आठवड्यातली, दूध सारखं, खुराक सारखा, तरी एक टुणटुणीत आणि दुसऱ्याचं नुसतं पोट सुटलंय, पाठीचा कणा वर आलाय. मग जंताचं औषध दे, टॉनिक दे, कॅल्शियम दे असं चालू होतं. जंत असतातही, नाही असं नाही, पण बऱ्याच वेळा घोळ पहिल्याच दिवशी झालेला असतो.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यात आईच्या अँटिबॉडीज (रोगाशी लढणारी प्रोटीन) वारेतून पिल्लाकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात त्या जवळपास शून्य असतात, सगळा साठा चिकातूनच, म्हणजे विल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातूनच यायचा. आणि आतडं या अँटिबॉडीज अख्ख्याच्या अख्ख्या रक्तात घेतं ते फक्त पहिले काही तास, मग ते कमी कमी होत जातं आणि 24 तासांत बंद. नंतर बादलीभर चीक पाजला तरी आतड्यात थोडाफार उपयोग होईल, रक्तात काही पोचणार नाही.

आता याचा वाढीशी संबंध काय? अँटिबॉडी स्वतः मांस तयार करत नाही हे आधी क्लिअर असू द्या. पण ज्या वासराला त्या कमी मिळाल्या त्याला हगवण, न्यूमोनिया पटकन धरतो, ताप आला की ते खाणं सोडतं, आणि रोगाशी लढायला जे प्रोटीन लागतं ते शरीर स्वतःच्याच स्नायूतून ओढून काढतं, म्हणजे दूध तुम्ही पाजताय पण ते अंगाला न लागता आजारात जातंय. म्हणून पोट बघून फसू नका, पुठ्ठ्यावरून आणि मांडीवरून हात फिरवा, मांस आहे का नाही ते तिथं कळतं. ब्राऊन स्विस कालवडींवरचा एक प्रयोग 2005 साली छापून आला होता, त्यात जन्मल्यावर 2 लिटर चीक मिळालेल्यांची रोजची वाढ सरासरी 0.80 किलो होती आणि 4 लिटरवाल्यांची 1.03 किलो, पुढं दोन वेतांत दूधही त्यांनीच जास्त दिलं. हे सगळं श्रेय अँटिबॉडीजचं नाही म्हणा, चिकात फॅट असतं, इन्सुलिन असतं, वाढीचे हार्मोन असतात, पण ते सगळं एकाच बाटलीतून जातंय ना.

तर पहिल्या दोन तासांत वजनाच्या 10 टक्के चीक, म्हणजे 35 किलोच्या वासराला साडेतीन लिटर, आणि 8 ते 12 तासांनी परत दोनेक लिटर. वार पडायची वाट बघू नका. आईखाली सोडलं म्हणजे पिलं असं धरून चालू नका, सड मोठे असले किंवा कास लोंबती असली की ते नुसतं चाचपडत राहतं, काढून निपलच्या बाटलीनं पाजा म्हणजे मोजता तरी येतं. ओढतच नसेल तर नळीनं पाजायला डॉक्टरला बोलवा, स्वतः प्रयोग नको, फुफ्फुसात गेलं तर वासरू हातचं जाईल. करडांना एका वेळी किलोमागे 50 मिली, दिवसभरात मिळून किलोमागे 200 मिली.

चीक घट्ट पिवळा दिसला म्हणजे चांगला असं काही नाही. ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर (चिकाचा कस मोजायचं हातातलं छोटं यंत्र) मिळाला तर काचेवर दोन थेंब टाका, 22 किंवा वर रीडिंग आलं तर पहिल्या पाजणीला वापरा, कमी आलं तर दुसऱ्या निरोगी गाईचा साठवलेला चीक द्या. जास्तीचा चांगला चीक एक-एक लिटरच्या पिशव्यांत आडवा ठेवून डीप फ्रीझरमध्ये टाका, वर्षभर चालतो. वितळवताना 50 डिग्रीपर्यंतचं कोमट पाणी, उकळला की अँटिबॉडीज गेल्या. आणि विल्यावर चीक काढायला उशीर केला तर कासेतच तो पातळ होत जातो हेही आहे.

ज्या अजून विणार आहेत त्यांच्याकडं आत्ताच बघा. आटवण, म्हणजे विण्याआधी दूध काढणं बंद ठेवायचा काळ, साधारण दोन महिन्यांची हवी. हगवणीची लस गाभण गाईला विण्याआधी 6 ते 3 आठवडे या दरम्यान, कारण कासेत अँटिबॉडीज जमा व्हायचा काळ तोच. उकाडा असेल तर सावली, फॅन, भरपूर पाणी, कारण शेवटच्या दोन महिन्यांत उष्णतेचा ताण बसलेल्या गाईचं वासरू वजनाला कमी जन्मतं आणि वर चांगल्या चिकातूनही अँटिबॉडीज कमी उचलतं.

वासराचं काम नीट झालंय का हे बघायला दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आत डॉक्टरकडून रक्त काढून सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) तपासून घ्या, तोच रिफ्रॅक्टोमीटर चालतो, 8.4 च्या वर पाहिजे. मग दर पंधरा दिवसांनी छातीला टेप लावून वजनाचा अंदाज घ्या, दोन महिन्यांत जन्माचं वजन दुप्पट झालं की गाडी रुळावर आहे. आणि हो, आईच्या याच अँटिबॉडीज लवकर टोचलेली लसही मारून टाकतात, त्यामुळं वासराला लस घाईनं उरकू नका, डॉक्टरनं दिलेली तारीख आणि बूस्टर दोन्ही पाळा.