कुलरमागचा कोळी: ओळखायचा कसा, हलवायचा कसा

नागपुरात उन्हाळ्याआधी कुलर साफ करायला काढला की मागची कोळिष्टकं पहिल्यांदा झाडूत जातात. त्याआधी तिथे टॉर्च मारून बघा. लांबसडक पायांचा, उलटा लटकलेला कोळी दिसला तर तो बहुधा क्रॉसोप्रायझा लायोनी (हे त्याचं शास्त्रीय नाव). इंग्रज कोळीतज्ज्ञ ब्लॅकवॉलने 1867 साली भारतातल्याच नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं.

ओळख पायांवरून पटत नाही, पोटावरून पटते. बाजूने बघितलं की पोट चौकोनी, डबीसारखं दिसतं आणि मागे वरच्या टोकाला बोथट उंचवटा असतो. अंग 3 ते 7 मिमी, पायांवर बारीक गडद ठिपके. पोट गोल गरगरीत आणि अंग सेंटिमीटरभर असेल तर तो आर्टेमा, म्हणजे त्याच्याच कुळातला दुसरा कोळी.

वरून काढलेल्या फोटोत उंचवटा हरवतो, म्हणून मोबाईल पोटाच्या पातळीला धरा. फोकस भिंतीवर जात असेल तर जाळ्यामागे काळा कागद धरा. फुंकर अजिबात मारू नका, कोळी जाळ्यासकट गरगर हलायला लागतो आणि फोटो धूसर येतो.

हलवायचा असेल तर रुंद तोंडाची बरणी खालून आणा, वरून पोस्टकार्डाने हलकेच ढकला. बोटांनी धरलात तर पाय तुटून हातात येतो. मोठ्या झालेल्या कोळ्याला तो पुन्हा फुटत नाही. एका बरणीत एकच ठेवा, दोन असले तर एक दुसऱ्याला खातो. मादीच्या जबड्यात अंड्यांचा गोळा असेल (मोजक्याच धाग्यांनी बांधलेला असतो, आतली अंडी सुटी सुटी दिसतात) तर पिल्लं पांगेपर्यंत तिला तिथेच राहू द्या. बाकीच्यांना जिन्याखालचा कोरडा कोपरा चालतो, फक्त तिथे फवारणी नको.

ही मेहनत डास कमी व्हावेत म्हणून. जाळं चिकट नसतं. डास धाग्यांत अडखळला की कोळी मागच्या पायांनी त्याच्यावर रेशीम टाकून त्याला गुंडाळतो. डेंग्यूचे डास तो खातो, हे थायलंडमधल्या अभ्यासात दिसलं आहे.

पाण्यातल्या अळ्यांपर्यंत मात्र तो पोचत नाही. कुलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतल्या भिंती ब्रशने घासाच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. त्यामुळे गेल्या वर्षीच्या टाकीत घासल्याशिवाय पाणी भरू नका.